तथी अजूक शुक्रवारच हाये

आमची सासू म्हणे, मुर्द्यायले वार समजत नाई. मातीखाली ना उजेड, ना कोंबडा. त्यायले एकच गोष्ट ध्यानात राहते, का उत्तम शुक्रवारी प्रभूले मारलं. म्हून इस्टरच्या सकायी जित्या मानसानं तथी जाऊन मोठ्यानं सांगा लागते का प्रभू उठला. नाई सांगतलं, त त्यायच्यासाठी सालभर शुक्रवारच राहते.

तवा मी नवीन नवरी होती. डोक्यावर पदर, हातात चुन्याची बालटी. मले हासू आलं.

सासू म्हणे, "हास. तुयं कोणी तथी गेलं का मंग हासजो."

आमचं गाव बार्शीटाकळीच्या पुढं, सडकेपासून आत. गावाच्या एका आंगाले आमी ख्रिस्ती लोकं राहो. त्याले कंपाउंड म्हणत. टिनाचं देऊळ, एक विहीर, मिशनचा एक लहान दवाखाना. माया नवरा त्या दवाखान्यात दारावर होता. मी दुसऱ्याच्या वावरात निंदाले, कापूस येचाले जाओ. शाया मी दुसरीलोक शिकली. गीताचं पुस्तक वाचता येते, तेवढं पुरलं.

कबरस्तान नाल्याच्या पलीकडं. निंबाची झाडं, बाभळी, अन कबरी. कबरी सगळ्या एका तोंडाच्या. डोकं मावळतीले, पाय उगवतीले. उठून बसलं का समोर सूर्य दिसला पायजे म्हून.

सनवारी आमी बाया कबरीले चुना देओ. चुन्यात जराक नीळ टाकाची. आयतवारी झुंजुरका देवळातून गीत म्हणत निघाचं, नाला उतराचा, अन सूर्य निंगाच्या आत तथी पोचाचं. गडी डोक्याकडून उभे राहत, बाया पायाकडून. जो वयानं मोठा गडी असन तो हाक मारे, "प्रभू उठला आहे!" अन आमी बाया उत्तर देओ, "खरोखर उठला आहे!"

त्या पयल्या साली मी ऐकलं. आमी बाया मोजक्याच होतो, अन आवाज मोजक्यायचा नव्हता. जसं भरल्या देवळात गीत म्हणते न मंडळी, तसा. मी इकडंतिकडं पायलं. मांग कोणी नाई. निंबाचा बहर गळून राहिला होता, बस.

घरी येताना सासू मले म्हणे, "ऐकलं न?"

म्या म्हणलं, "हाव."

"मंग चूप राह्य. सांगाची गोष्ट नाई ते."

तिच्या जितेपणी मी चूप राहिली. मंग तिच्या कबरीलेही मीच चुना दिला.

अकोल्यावरून महिन्यातून एक डाव पाद्री साहेब ये. लेकरासारखाच होता, चष्मा लावे, बोले गोड. त्याच्या कानावर ही गोष्ट गेली का आमच्या बाया मुर्द्यायले सांगाले जातात. चा पेता पेता मले म्हणे, "मावशी, असं शास्त्रात नाही बरं. प्रभूमध्ये गेलेले लोक झोपलेले आहेत. त्यांना आपण सांगायची गरज नाही."

म्या म्हणलं, "साहेब, झोपलेल्यालेच त सांगा लागते. जाग्याले कायले सांगू?"

तो हासला. मंग माया तोंडाकडं पायलं अन हासाचा थांबला. त्यानं चा पेला अन पुन्हा ते गोष्ट काढली नाई.

मी असं कावून बोलली ते त्याले मालूम नव्हतं. तो तवा जन्मलाही नसन.

माई पयली पोट्टी होती. चार-पाच वर्साची. अंगणातल्या कोंबड्यायले गीत शिकवे. एका पावसाळ्यात तिले हगवण लागली, वरतून उलट्या. आमच्या दवाखान्यातल्या नर्सबाई म्हणे, माया हाताबाहेर हाये, अकोल्याले मोठ्या दवाखान्यात न्या. मी अन तिचा बाप एसटीनं निघालो. जुन्या शहरात गेलो त गाडी उभी. मोर्णा नदीले पूर. पुलावरून पानी, अन दवाखाना पलीकडं.

पानी उतराची वाट पाहत आमी एका मुसलमानाच्या ओट्यावर बसलो. घरातली बाई बाहेर आली. पोट्टीच्या कपाळाले हात लावला, आत गेली अन साखरेचं पानी घेऊन आली. पोट्टीनं घोट घेतला. मंग अजूक एक. मंग घेतलाच नाई. मी पेला तिच्या ओठाले लावूनच बसली होती. त्या बाईनं माया हातातला पेला हळूच काढून घेतला, तवा मले समजलं.

पानी उतरलं. पण पलीकडं जाचं काई काम उरलं नव्हतं.

एसटीत मुर्दा नेऊ देत नाईत. तिचा बाप म्हणे, "मांडीवर घे. पदर टाक तिच्यावर." मी तसंच केलं. कंडक्टर आला. तिकीट फाडता फाडता त्यानं वाकून पायलं.

"झोपली का पोरगी?"

"हाव," म्या म्हणलं, "झोपली."

"झोपू द्या. झोप झाली का बरं वाटन तिले."

गावालोक ते माया मांडीवर झोपली. गाडी गड्ड्यात आदळे त मी तिचं डोकं धरो. उठन म्हून. सवय असते हाताले.

निंबाखाली तिले ठेवलं. मले कोणी काई म्हणो, पाद्री म्हणो का शास्त्र म्हणो. मी तिले झोपली म्हून आणली. मंग तिले उठवाचं काम कोणाचं?

त्या सालापासून मी इस्टर चुकवला नाई. ताप होता तवा गेली. मांगून पोरगा झाला, त्या साली मी बाळंतीण होती. कापडात गुंडाळून त्याले घेऊन गेली. सासू म्हणे, लेकराले तथी नको नेऊ. म्या म्हणलं, त्याच्या बहिनीले पाहू द्या.

मंग दवाखाना बंद पडला. कुलूप लागलं ते लागलंच. लोकं निंगत गेली. कोणी नर्सिंग शिकून पुण्याले, कोणी अकोल्याले, कोणी अमरावतीले. जे गेले त्यायच्यातले कितीक तथी जाऊन सांगतही नाई का आमी ख्रिस्ती हावो. त्यायचंही खरं हाये. सांगतलं का लोकं दोन प्रश्न जास्त इचारतात. पाद्री साहेबाची बदली झाली. नवा आला, तो मोठ्या दिवसाले, नाताळाले, येते, कधी येते, कधी नाई येत. जे गेले नाईत ते नाल्यापलीकडं गेले. माया बुढाही गेला. पोट्टीच्या जवळच त्याले जागा भेटली.

आयतवारी देऊळ मीच उघडो. झाडू माराचा, घंटी वाजवाची, सतरंजी टाकाची. सतरंजी मी पूर्ण टाको, गड्यायकडची अन बायायकडची. एकटीच बसो. एक गीत म्हणो, प्रार्थना म्हणो. उठली का सतरंजी झटकाची. जथी मी बसली तथी ते दबलेली राहे. पण बाजूलेही दबलेली राहे, माया सासूच्या जागेवर. पयले पयले मी तिकडं पाहत नव्हती. मंग सवय झाली. त्या जागेवर मी हात फिरवो अन मंग झटको.

इस्टरले मी एकटीच जाओ. डोक्याकडून उभी राहून हाक मारो. मंग कबरीच्या बाजूनं फिरून पायाकडं येओ, अन उत्तरही मीच देओ. गड्यायचंही मी, बायायचंही मी. सडकेवरून जाणारे पोट्टे हासत. "पाय रे, बुढी एकटीच सवाल-जवाब खेळून राहिली!"

त्यायले शिव्या दे ते माई शेजारीण.

शेजारीण बौद्ध हाये. माया घराले तिचं घर लागून. नवरा नाई, पोरी नांदाले गेल्या. तिच्या बकऱ्या कबरस्तानातच चरत. उन्हाळ्यात बाभळीच्या शेंगा तथीच भेटतात. मायं चुना देणं चालू असलं का ते कुंपणाच्या दगडावर बसून बोलत राहे.

"तुमचं एक भारी हाये बाई. मेल्यावरही जागा धरून बसता. आमचं बरं. जाळलं का मोकळं."

"तुया बकऱ्या त खातात न त्या जागेवर."

"खाऊ दे न. तुमचे लोकं काई म्हणत नाई. लय शांत लोकं हायेत. जित्यायपेक्षा बरे."

बसमधली गोष्ट मी तिले एकटीले सांगतली हाये. माया पोरालेही मी ते तोंडानं सांगतली नाई. त्याच्या बापानं सांगतली.

पोरगा अमरावतीले राहते. शिकला, कॉम्प्युटरचं काम करते. सून हिंदू हाये, बँकेत. चांगली हाये. पोरानं देवळात जाणं कॉलेजातच सोडलं. मले सरळ म्हणे, "आई, मी काईच नाई मानत आता." म्या म्हणलं, "जेवत जाजो येळेवर." अजून काय म्हणणार? मानणं काई घास नाई का तोंडात कोंबला.

अन मंग माया डोया झाला खराब. मोतीबिंदू पिकला होता. देवळाची पायरी दिसली नाई, पडली. शेजारणीनं पोराले फोन केला. पोरगा गाडी घेऊन आला. होळी नुकतीच झाली होती, सडकेवर रंग पडला होता.

म्या म्हणलं, "ऑपरेशन इस्टर झाल्यावर करू."

तो म्हणे, "इस्टर कधी हाये?"

म्या म्हणलं, "अजून महिना हाये."

अथीच मी चुकली. आमच्या इस्टरची तारीख दरसाल सरकते. पाद्री साहेब सांगे तवा सांगे. बुढा होता तवा तो पाहून ठेवे. मंग मी माया हिशोबानं धरो. गावात मारुतीच्या जन्माचा भंडारा झाला का त्याच्या मांगं आठ दिवसाच्या आत आमचा इस्टर. भंडाऱ्याच्या बुंदीचा वास आला का मी चुना भिजवाले टाको. तीन-चार साल बरोबर निंगालं. मले नव्हतं मालूम का कोण्या सालात तो एक पुनव पयलेच येते, होळीच्या पाठीले लागून.

"महिना हाये न," पोरगा म्हणे, "तोपर्यंत डोळा बरा होईन. मी सोतः तुले आणून सोडन."

म्हून मी गेली. अमरावतीले डोयाचं ऑपरेशन झालं. पट्टी लावली. पोराच्या फ्लॅटात मले एक खोली दिली, पंखा, गादी, सगळं. पण त्या घरात देव नाई. माया घरी माया प्रभू हाये, शेजारणीच्या घरी बुद्धाचा फोटो, गावात घरोघरी कोणाचा कोणी हायेच. अथी भिंती कोऱ्या. एका डोयानं मी त्या भिंती पाहत पडून राहो. लय भेव वाटे मले. कबरस्तानात कधी नाई वाटलं.

दुसऱ्या दिशी संध्याकाळी सून पोळ्या लाटता लाटता म्हणे, "आई, उद्या मी घरीच आहे. तुमच्या डोळ्यात औषध मी टाकीन."

"कावून वं? बँक नाई का उद्या?"

"सुट्टी आहे ना. गुड फ्रायडे."

मले पयले समजलंच नाई. मंग म्या इचारलं, "कोणता फ्रायडे म्हणली तू?"

तिचं लाटनं थांबलं. तिनं पोराकडं पायलं, पोरानं मायाकडं.

म्या म्हणलं, "बाबू, मले गावाले ने."

"आई, डॉक्टर काय म्हणला? वाकाचं नाई, धुळीत जाचं नाई, गाडीचे धक्के नाई. डोळा जाईन."

"एक जाईन. दुसरा हाये न."

त्यानं डोक्याले हात लावला. "पुढच्या साली जाशील. एक साल नाई गेली त काय होईन?"

"त्यायचा सालभर शुक्रवार राहीन."

हे त्यानं लहानपणापासून ऐकलं होतं. तो खुर्ची घेऊन माया पलंगाजवळ बसला. सुनेनं गॅस बंद केला.

म्या म्हणलं, "मंग तू जा. तू सांगून ये. दोन शब्द हायेत."

त्यानं माया पट्टीचा सुटलेला कोपरा दाबून बसवला. मंग म्हणे, "आई, मी जातो. चुना देतो. निंबाखालचं झाडतो. तू म्हणशील ते करतो. पण ते वाक्य मी म्हणू शकत नाई. मले ते खरं वाटत नाई. ताईच्या कबरीवर उभं राहून मी खोटं बोलू का?"

त्यानं तिले कधी पायलं नाई. तरी ताई म्हणते. मले राग नाई आला. खोट्यानं सांगतलेलं तथी चालतही नाई. अन जे पोरगं मेल्या बहिनीसमोर खोटं बोलाले भेते, ते काई वाया गेलं नाई. हे म्या मनात म्हणलं, त्याले नाई म्हणलं.

उठता उठता तो म्हणे, हळूच, "आई, तथी कोणी नाई. माती हाये."

मी पट्टीवाल्या बाजूनं तोंड फिरवलं.

शुक्रवार तसाच गेला. मी जेवली नाई, ते आमचा उपासच असते. सनवारी म्या सुनेले म्हणलं, शेजारणीले फोन लावून दे.

शेजारीण फोनवर ओरडूनच बोलते. "काय वं बाई! दिसते का? का पोरानं बांधून ठेवली?"

"दिसन. तुले एक काम सांगू का?"

"सांग न."

म्या सांगतलं. तिकडं बकऱ्या ओरडून राहिल्या होत्या.

"बाई, तुले येड लागलं का? मी बौद्ध. मी देव मानत नाई, आत्मा मानत नाई. माया तोंडून ते कसं निंगन?"

"तू म्हणू नको. फोन फक्त कबरीवर धर. मी अथूनच म्हणते."

"नाल्यापलीकडं टावर कुठी हाये? तथी गेलं का फोन मुका होते."

म्या पदरानं नाक पुसलं.

"बाई? रडून राहिली का?"

"नाई. पट्टी हाये. रडाले मनाई हाये."

"अवं माय..." मंग ते बकऱ्यायवर ओरडली, हाड हाड केलं, पुन्हा फोनवर आली. "हे पाय. तुया देवाले उठताना मी त पायलं नाई. मी ते खरंही म्हणणार नाई अन खोटंही म्हणणार नाई. मी एवढं सांगन, का तुमची बुढी असं असं म्हणते. चालन का?"

मी इचार केला. आमाले तरी कोणी दाखवलं? आमच्या बुढ्यायले कोणी सांगतलं, त्यायनं आमाले सांगतलं. पयल्यांदा ज्या बाया प्रभूच्या कबरीवर गेल्या, त्याही पळत येऊन सांगतच बसल्या. लोकायले ते बडबड वाटली.

म्या म्हणलं, "चालन."

"पयले कोणाले सांगू?"

"निंबाखाली लहान हाये. तिच्यापासून धर. मोठे थांबतात. लेकरू थांबत नाई."

आयतवारी मी लवकर उठली. गॅलरीत गेली, भिंत चाचपत. समोर पान्याच्या टाक्या, बिल्डिंगा, त्यायच्या मधात जराकसं उगवतीकडचं आभाळ. कुठल्या तरी टीव्हीवर भजन लागलं होतं. मी टाक्यायकडं तोंड केलं अन हाक मारली, हळूच. "प्रभू उठला आहे."

मांग पोरगा उभा होता. चा घेऊन आला होता. त्याच्या हातातली कपबशी वाजली, तेवढं ऐकू आलं. मी मांग पायलं नाई. थोड्या येळानं त्यानं माया कोपर धरला, मी पडू नये म्हून. चा थंडा झाला.

शेजारणीचा फोन उशिरा आला. ते ओरडून बोलत नव्हती.

"सांगतलं," म्हणे.

"पोट्टीले?"

"पयले तिलेच."

"काय म्हणली तू?"

"म्हणली, पोरी, तुया मायचा डोया दुखते म्हून ते आली नाई. तिनं सांगाले सांगतलं हाये का तुमचा देव उठला म्हणे. तुई झोप झाली असन त तूही उठजो." ते थांबली. "मंग बाकीच्यायले सांगतलं. तुया बुढ्याले, तुया सासूले. सगळ्यायले."

"मंग?"

"मंग काय?"

"मंग तथी काई..."

फोनमधी तिचा श्वास ऐकू येऊन राहिला होता. मांगं बकऱ्यायचा नेहमीचा ओरडाही नव्हता.

"तू लवकर ये बाई," ते म्हणे अन फोन ठेवून देला.

पट्टी निंगाल्यावर पोरगा मले गावाले सोडाले आला. दोन्ही डोयानं पायलं. देवळाची पायरी साफ दिसली. पोट्टीच्या कबरीले चुना दिलेला होता, नीळ न टाकता. आमच्या नीळ टाकायच्या पद्धतीचं शेजारणीले मालूम नाई. बाकीच्या कबरीले नव्हता दिला, तेवढ्या एकीलेच. बाभळीच्या शेंगा खाली पडून होत्या, ढीगच्या ढीग, कोणी तोंड लावलेलं नाई. बकऱ्यायची एक लेंडी दिसली नाई. बकऱ्या सडकेपलीकडं धुऱ्यावर बांधलेल्या, जथी खाले काईच नाई.

पोरानं तिले सहजच इचारलं, "मावशी, बकऱ्या कबरस्तानात चारत नाई का आता?"

"नाई बाबू."

"कावून?"

"तथी मानसं हायेत न."

एवढंच म्हणली अन बकरीच्या गळ्यातली दोरी सोडवत बसली. पोरगा हासला नाई. तो गाडीजवळ गंज येळ उभा राहिला, नाल्याकडं तोंड करून. जाताना त्यानं माया पायाले हात लावला. आमच्यात ते पद्धत नाई. म्या लावू देला.

मी तिले लय डाव इचारलं, तथी काय झालं. ते सांगत नाई. कधी म्हणते, काई नाई झालं. कधी म्हणते, तुले मालूम हाये त मले कायले इचारते. एक डाव म्हणे, "मी त 'उठला म्हणे' असंच म्हणली होती. त्यायनं 'म्हणे' नाई म्हणलं." पुढं इचारलं त उठून गेली.

त्याच्या पुढच्या साली मी तारीख धरून ठेवली. सुनेनंच फोन करून सांगतली, पोरानं सांगाले लावली म्हणे. सनवारी चुना केला, नीळ टाकून. आयतवारी झुंजुरका निघाली त शेजारीण दारात उभी. बकऱ्या नाई, हातात काठी नाई, धुतलेलं लुगडं.

"तू कुठी?"

"चाल न मुकाट्यानं."

नाला उतरलो. तथी पोचलो त ते पोट्टीच्या पायाकडं जाऊन उभी राहिली. बायायची जागा. ते तिले कोणी सांगतली नव्हती. मी डोक्याकडून उभी राहिली. निंबाचा बहर पांढरा पडला होता चुन्यावर.

मी हाक मारली. "प्रभू उठला आहे!"

शेजारणीचं तोंड बंद होतं. तिनं ते म्हणाचं नव्हतंच, म्हण म्हून मी तिले सांगतलंही नव्हतं. म्हून मी नेहमीसारखी कबरीच्या बाजूनं फिराले निघाली, उत्तर द्याले.

तिनं माया मनगट धरलं. हात थंडा होता तिचा.

"थांब न वं," ते म्हणे. "तू कायले फिरते? बोलू दे त्यायले."

मी नाई फिरली.